फोममधलं ब्रोमीन आणि कास्टिंगमधली घडी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

लॉस्ट फोम पद्धतीने ॲल्युमिनियम ओतणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी पद्धत थोडक्यात सांगतो. थर्माकोलचा पॅटर्न करायचा, त्यावर रिफ्रॅक्टरी, म्हणजे उष्णता सोसणारं, कोटिंग चढवून वाळवायचं, मग तो सुट्या कोरड्या वाळूत पुरून वाळू कंपनाने बसवायची आणि पॅटर्न आत असतानाच रस, म्हणजे वितळलेला धातू, ओतायचा. फोम वितळत जातो आणि त्याची जागा रस घेतो. हा फोम पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचा; ज्या बारीक दाण्यांना वाफेने फुलवून डायमध्ये, म्हणजे पॅटर्नच्या साच्यात, तो घडवतात त्यांना बीड म्हणतात. मूळ पेटंट हॅरॉल्ड श्रॉयर यांचं, १९५८ सालचं. पुढे जनरल मोटर्सने सॅटर्न गाडीच्या इंजिनाचे ॲल्युमिनियम ब्लॉक आणि हेड याच पद्धतीने ओतले.

प्रश्न : एलएम २५ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत पंपाची बॉडी ओततो, वजन ५.४ किलो. मशिनिंगनंतर लीक टेस्टला बोअरजवळच्या बारीक काळ्या रेषेतून बुडबुडे येतात. बीड पुरवणारा म्हणतो, ब्रोमीनवालं बीड घ्या, फोल्ड, म्हणजे घडीचे दोष, जातील. हे ब्रोमीन नेमकं करतं काय? — उत्पादन पर्यवेक्षक, गोकुळ शिरगाव

उत्तर : आधी ती रेष फोल्डचीच आहे का, हे पक्कं करा. कास्टिंग त्या जागी करवतीने अर्धवट कापून उरलेलं हातोड्याने तोडा आणि दहापट भिंगातून पाहा. ताजं तुटलेलं ॲल्युमिनियम करडं, खरबरीत आणि चमकदार दिसतं. फोल्डची जागा मात्र काळपट, गुळगुळीत आणि किंचित सुरकुतलेली असते. तिथे धातू कधी जोडलाच गेलेला नसतो. रसाचे दोन प्रवाह समोरासमोर आले आणि त्यांच्यामध्ये फोमचा अवशेष आणि ऑक्साइडची पातळ पापुद्री अडकून राहिली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच फोल्ड बोअर, बॉस, खिडक्या यांच्या पलीकडच्या बाजूला सापडतात, कारण रस अडथळ्याला वळसा घालून तिथे पुन्हा एकत्र येतो.

आता ब्रोमीन. कास्ट आयर्नच्या रसात, म्हणजे १३५० ते १४०० अंशांना, फोमचा बराचसा भाग वायू होऊन जातो. ॲल्युमिनियमचा रस ७२० ते ७८० अंशांचा, त्यामुळे इथे पॉलिस्टायरीनचा मोठा हिस्सा द्रवच राहतो. हा द्रव चिकट असतो. तो कोटिंगने शोषून घ्यायचा असतो, आणि तेही रसाची पुढची कड तिथून पुढे सरकण्याआधी. चिकट द्रव हळू शोषला जातो, मागे राहतो आणि दोन कडांच्या मध्ये सापडतो. ब्रोमीनयुक्त द्रव्य पॉलिस्टायरीन स्वतःहून फुटण्याच्या आधीच तुटतं. सुटलेलं ब्रोमीन पॉलिमरच्या लांब साखळ्या तोडतं, त्यामुळे द्रव पातळ होतो आणि कोटिंगमध्ये लवकर मुरतो. बांधकामाच्या थर्माकोलमध्ये आग रोखायला हेच द्रव्य घालतात. तिथेही त्याचं एक मुख्य काम हेच की फोम ज्योतीपासून झटकन वितळून मागे हटावा. फाउंड्रीने तोच गुण आपल्या सोयीने वापरला.

म्हणजे पुरवठादार खोटं बोलत नाही. पण तो अर्धंच सांगतो आहे. द्रव पातळ झाला तरी तो जाणार कुठे, तर कोटिंगमध्ये. कोटिंगची भोकं आधीच पाण्याने भरलेली असतील, किंवा थर इतका घट्ट असेल की शोषायला जागाच नाही, तर ब्रोमीनचा उपयोग शून्य. म्हणून नवं बीड मागवण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, पॅटर्नचं वजन. तुमची बॉडी ५.४ किलोची, म्हणजे साधारण २ लिटर आकारमान. २४ ग्रॅम प्रतिलिटर घनतेला पॅटर्न ४८ ग्रॅमचा होतो, २० ला ४० ग्रॅमचा. घनता २४ वरून २० वर आणली की ८ ग्रॅम फोम कमी वितळवायचा. याउलट ४० ग्रॅमच्या पॅटर्नमध्ये ०.६ टक्के ब्रोमीनयुक्त द्रव्य म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम. दोन्हींचं काम वेगळं आहे, मान्य, पण आधी ८ ग्रॅमचा हिशेब करा. तो फुकटात होतो. ॲल्युमिनियमसाठी १६ ते २४ ही नेहमीची पट्टी आहे. फार खाली गेलात तर पॅटर्न हाताळताना आणि वाळू भरताना वाकतो, हे लक्षात ठेवा. शिवाय एकूण वजन बरोबर असूनही पॅटर्न जागोजागी कमीजास्त घट्ट असू शकतो. गरम तारेने त्याचे तुकडे करून प्रत्येकाचं वजन आणि माप घ्या. डायमध्ये बीड भरणाऱ्या गनच्या तोंडाशी फोम बहुधा जास्त घट्ट निघतो. फोल्डची जागा आणि ही घट्ट जागा एकच असेल, तर दोष डायवर दुरुस्त करायचा.

दुसरी, गोंद. दोन अर्धे पॅटर्न हॉटमेल्टने चिकटवता ना? ४० ग्रॅमच्या पॅटर्नवर ४ ग्रॅम गोंद पडला की जळायचा माल दहा टक्क्यांनी वाढला, आणि तोही एकाच रेषेत. गोंद फोमपेक्षा जड आणि उशिरा विघटित होणारा. फोल्डची रेष जोडाच्या रेषेवर असेल, तर बीड बदलून काही होणार नाही. चिकटवण्याआधी आणि नंतर पॅटर्नचं वजन करा. दर पॅटर्नला किती गोंद जातो, हा आकडा बऱ्याच शॉपमध्ये कुणाला माहीतच नसतो.

तिसरी, कोटिंगचा कोरडेपणा. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची धरा. ती नुसती ५० अंशांपर्यंत तापवली तर सापेक्ष आर्द्रता सुमारे २६ टक्क्यांवर येते, वाळवायला ती चालते. पण ड्रायर तीच हवा आत फिरवत असेल, तर तासाभरात ती पॅटर्नमधलं पाणी पिऊन जड होते. घड्याळावर भरवसा ठेवू नका. एक पॅटर्न तासातासाला वजन करून पाहा; लागोपाठच्या दोन वजनांत फरक दिसेनासा झाला की वाळला. आणि वाळलेला पॅटर्न रात्रभर उघड्यावर राहिला तर तो ओल परत ओढून घेतो. ओतण्याआधी त्याला पुन्हा ड्रायर दाखवा. ड्रायर ६० च्या वर नेऊ नका, फोम विकृत होऊ लागतो.

हे तिन्ही जागेवर असूनही फोल्ड येत असतील, तर ब्रोमीनवालं बीड नक्की वापरून पाहण्यासारखं आहे.

प्रश्न : फायर रिटार्डंट थर्माकोलच्या शीट बाजारात मिळतात. त्यातही ब्रोमीन असतं म्हणे. तीच कापून पॅटर्न केला तर? आणि शीटमध्ये ब्रोमीन आहे का, हे कसं ओळखायचं? — पॅटर्नमेकर, सांगली

उत्तर : ओळखणं सोपं आहे. जाड तांब्याची तार गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा आणि ज्योतीचा रंग बदलेनासा होईपर्यंत तापवून स्वच्छ करा. लाल असतानाच ती फोमवर टेकवा म्हणजे थोडा फोम तारेला चिकटेल, मग पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर हॅलोजन आहे. ते ब्रोमीनच की क्लोरीन, आणि किती, हे ही चाचणी सांगत नाही. तारेला घामाच्या हाताचं मीठ लागलं तरी ज्योत हिरवी होऊ शकते, म्हणून शेजारी साध्या थर्माकोलची चाचणी करून तुलना करा. धूर नाकात जाऊ देऊ नका. मोकळ्या हवेत, अगदी छोट्या तुकड्यावर करा.

एखादंच कास्टिंग काढायचं असेल तर शीटचा पॅटर्न चालून जातो. उत्पादनाला नाही. शीट मोठ्या ब्लॉकमधून कापलेली असते, ब्लॉकच्या कडेला आणि पोटात घनता वेगळी. दाणा मोठा, त्याचे ठसे कास्टिंगवर जसेच्या तसे उमटतात. कापलेल्या बाजूवर दाण्यांमधल्या फटी उघड्या राहतात, कोटिंग त्यांत शिरतं आणि धातूच्या आत रिफ्रॅक्टरीचे कण होऊन बसतं. पॅटर्नचं बीड मुळातच बारीक येतं, कारण पातळ भिंतीत किमान तीन दाणे बसले पाहिजेत. ४ मिलिमीटरच्या भिंतीला शीटचा दाणा म्हणजे विनोदच.

दुसरी बाजू कायद्याची. जुन्या फायर रिटार्डंट फोममध्ये एचबीसीडी, म्हणजे हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन, सर्रास असायचं. २०१३ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं आणि भारताने २०१८ च्या नियमांनी त्याचं उत्पादन, व्यापार, वापर, आयात आणि निर्यात बंद केली. आता त्याजागी ब्रोमीन जोडलेला पॉलिमर वापरतात. त्याचा रेणू मोठा असल्याने तो शरीरात साठत नाही. तुमच्या तारेची ज्योत दोन्हींना हिरवी होणार. म्हणून बीड घेताना पुरवठादाराकडून एचबीसीडी नसल्याचं लेखी घ्या. शीटवाल्याकडून ते मिळणं कठीण.

आणि करडी, ग्रॅफाइट मिसळलेली इन्सुलेशनची शीट तर मुळीच घेऊ नका. पॉलिस्टायरीन वितळून निघून जाईल, पण ग्रॅफाइट ॲल्युमिनियमच्या तापमानाला ना वितळतं ना उडून जातं.

प्रश्न : ब्रोमीनवालं बीड सुरू केल्यावर फोल्ड खरोखरच कमी झाले. पण आता पॅटर्न मापात येत नाहीत, काहींचा पृष्ठभाग वितळल्यासारखा दिसतो, आणि कास्टिंगच्या वरच्या अंगाला पोरॉसिटी, म्हणजे आतली भोकं, वाढली. परत जुन्या बीडवर जायचं का? — फाउंड्री मॅनेजर, चाकण

उत्तर : नाही, पण प्रत्येक तक्रार वेगळी धरा. एकाच दिवशी सुरू झाली म्हणून कारण एकच असेल असं नाही.

माप आणि पृष्ठभाग हे मोल्डिंगचं काम. हे द्रव्य पॉलिस्टायरीनला थोडं मऊ करतं, म्हणजे दाणा पूर्वीपेक्षा कमी उष्णतेत फुलतो आणि एकमेकांना चिकटतो. जुन्या बीडची स्टीमची वेळ तशीच ठेवली तर दाण्यांची कातडी वितळते, पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि थंड होताना पॅटर्न आखडतो. स्टीमची वेळ थोडी थोडी कमी करत या आणि दर बदलाला पॅटर्न मोडून पाहा. मोडताना काही दाणे मधोमध फाटावेत आणि काही सांध्यावर सुटावेत. सगळे सांध्यावर सुटले तर स्टीम कमी झाली, सगळे फाटले तर जास्त. मोल्डिंगआधी बीड फुलवणाऱ्या प्री-एक्सपांडरच्या सेटिंगलाही हात लावावा लागेल, नाहीतर बीड ठरवलेल्या घनतेखाली फुलून जाईल. थंड करायची वेळ मात्र कमी करू नका, उलट वाढवा.

मापाचं आणखी एक कारण पेंटेन. मोल्ड केलेल्या पॅटर्नमधून हा फुगवणारा वायू आणि पाणी आठवडे निघत राहतं आणि पॅटर्न आखडतो. महिन्याभरात साधारण ०.६ ते ०.८ टक्के. ३०० मिलिमीटरवर हे दोन मिलिमीटरच्या आसपास जातं. तुमची डाय जुन्या बीडच्या आखडण्यावर बेतलेली आहे. नवं बीड कसं आखडतं, हे दहा पॅटर्न मोल्डिंगनंतर एक, सात, चौदा आणि तीस दिवसांनी मोजून ठरवा. घाई असेल तर पॅटर्न ६० अंशांच्या आतल्या उबदार खोलीत मुरवतात, पण त्या खोलीला खाली जमिनीलगत हवा बाहेर काढणारा पंखा हवाच. पेंटेन हवेपेक्षा जड असतं आणि हवेत दीड टक्क्याच्या आतबाहेर जमलं तरी पेट घेतं.

आता पोरॉसिटी. तोडलेल्या तुकड्यावरची भोकं कशी दिसतात, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बारीक, गोल आणि सगळीकडे सारखी पसरलेली असतील तर रसात विरघळलेला हायड्रोजन. वेडीवाकडी, कोपरेदार, जाड भागाच्या पोटात असतील तर श्रिंकेज, म्हणजे गोठताना धातू आखडून पडलेली पोकळी. मोठी, चपटी, आतून काळसर किंवा चमकदार पातळ पापुद्र्याची असतील तर फोमचा वायू किंवा द्रव कोंडला. तुम्ही वरच्या अंगाला म्हणता, त्यामुळे तिसऱ्या प्रकारावर संशय जास्त, तरी पाहिल्याशिवाय धरून चालू नका.

तिसरा प्रकार असेल तर तो ब्रोमीनचाच उलटा परिणाम. साखळ्या भराभर तुटल्या की फक्त द्रव पातळ होत नाही, वायूही लवकर आणि एकदम सुटतो. कोटिंगमधून तो बाहेर पडू शकला नाही तर दाब वाढतो. मग एकतर रस अडतो आणि पातळ भागात मिसरन येतो, म्हणजे तो भाग भरतच नाही, किंवा रसाची कड वाकडीतिकडी धावते, फोमचा तुकडा चहूबाजूंनी वेढते आणि तो आतच बुडबुडा होतो. बुडबुडा वर जातो, वरची बाजू गोठत आलेली असते, तिथेच अडकतो. उपाय म्हणून थोडं जास्त वायुपारगम्य कोटिंग घ्या, किंवा थर पातळ करा. पण दोन्ही एकदम नको. पारगम्यता फार वाढली तर रस फोममधून सुसाट जातो आणि तोच वेढण्याचा दोष दुसऱ्या वाटेने परत येतो. कोटिंगच्या बादलीत पाणी ओतून पातळ करण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. घनता मोजा, आणि वाळलेल्या कोटिंगचं दर पॅटर्नचं वजन लिहून ठेवा.

पहिला प्रकार, म्हणजे हायड्रोजन, निघाला तर आधी भट्टी तपासा. फोल्ड घालवायला कुणी ओतण्याचं तापमान वाढवलंय का, हे विचारा. बहुतेक वेळा वाढवलेलं असतं. रसाचे दोन नमुने घ्या, एक हवेत आणि एक सुमारे ८० मिलिबार दाबाखाली गोठवा, आणि दोन्हींची घनता काढा. हवेतली २.६५ आणि कमी दाबाची २.५७ आली तर फरक ०.०८, भागिले २.६५, म्हणजे घनता निर्देशांक ३ टक्के. ओतण्याआधीच एवढा असेल तर दोष रसात आहे, डिगॅसिंग करून विरघळलेला वायू काढा. निर्देशांक कमी असूनही कास्टिंगमध्ये बारीक गोल भोकं आली, तर हायड्रोजन साच्यात आला. पॉलिस्टायरीनमध्ये कार्बनइतकेच हायड्रोजनचे अणू आहेत, आणि या पद्धतीत सुट्या वाळूत कास्टिंग सावकाश गोठतं, त्यामुळे भोकं वाढायला वेळही मिळतो. इथे रस अजून तापवणं म्हणजे आगीत तेल.

एक शेवटचं. ब्रोमीनच्या धुरात हायड्रोजन ब्रोमाइड असतं. डोळे चुरचुरतात आणि फ्लास्क, साखळ्या, डक्ट लवकर गंजतात. साध्या फोमच्या धुरातही स्टायरीन आणि बेन्झिन असतंच, तेव्हा ओतण्याच्या जागी सक्शन हूड नसेल तर नवं बीड येण्याआधी तो बसवा.

प्रश्न : आयर्नवाले कोपॉलिमर बीड वापरतात, तेच ॲल्युमिनियमला का नाही? — विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : वापरता येतं. पण त्यांचा आजार वेगळा. आयर्नमध्ये पॉलिस्टायरीनच्या कार्बनचे चमकदार थर कास्टिंगवर बसतात. पीएमएमए (ॲक्रिलिक प्लॅस्टिक) किंवा त्याचं स्टायरीनसोबतचं कोपॉलिमर स्वतःमध्ये ऑक्सिजन घेऊन येतं आणि सुटसुटीत तुटून वायू होतं, म्हणून कार्बन कमी. ॲल्युमिनियममध्ये अडचण चिकट द्रवाची असते, आणि जास्त वायू ही नवी अडचण होऊ शकते. शिवाय बीड महाग.

प्रश्न : जुन्या आणि नव्या बीडची तुलना करायला तीस-तीस कास्टिंग ओतली. जुन्यात तीन रिजेक्ट, नव्यात एक. साहेब म्हणतात ऑर्डर द्या. देऊ का? — क्वालिटी इन्स्पेक्टर, शिरोली

उत्तर : या आकड्यांवर नाही. तीन आणि एक हा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. उदाहरणार्थ, रिजेक्शन ८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं, हे भरवशाने सांगायला प्रत्येक बीडची सुमारे ५५० कास्टिंग लागतात.

तेवढी ओतायची नसतील तर चाचणी मुद्दाम कठीण करा. ओतण्याचं तापमान नेहमीपेक्षा ३० ते ४० अंश उतरवा. एलएम २५ गोठायला लागतो ६१५ अंशांच्या आसपास, त्यामुळे ७५० ऐवजी ७१५ ला ओतलं तर हाताशी १०० अंशच उरतात आणि जवळजवळ प्रत्येक कास्टिंगमध्ये फोल्ड दिसतो. मग पास-नापास मोजू नका, डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरून ती दाखवणारा रंग, लावून प्रत्येक कास्टिंगवरच्या फोल्डची एकूण लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. अशा मोजणीत वीस-वीस कास्टिंगही पुष्कळ काही सांगून जातात. ही कास्टिंग अर्थातच परत भट्टीत जाणार.

दोन्ही पॅटर्नची घनता सारखी हवी. फरक अर्ध्या ग्रॅम प्रतिलिटरपेक्षा जास्त असेल तर तुम्ही बीडची नव्हे, घनतेची तुलना करताय. कोटिंग एकाच बादलीतलं, ड्रायर एकच, पॅटर्नचं वय सारखं. आधी सगळी जुनी आणि मग सगळी नवी असं ओतू नका, आलटून पालटून ओता. नाहीतर लॅडल थंड होत गेली, त्याचा दोष शेवटच्या बीडला लागेल. कोटिंग चढल्यावर कुठला पॅटर्न कुठला हे दिसत नाही, म्हणून कोटिंगआधी रनरच्या, म्हणजे रस आत नेणाऱ्या वाटेच्या, फोमवर बोथट काडीने ज किंवा न दाबून ठेवा. अक्षर धातूत उमटून येतं. आणि लांबी मोजणाऱ्याच्या हाती कास्टिंग द्यायच्या आधी तो रनर कापून, कास्टिंगला नुसता नंबर टाका.